पट्टा नको, सराव मागा



पावसाळा संपला की आमच्या वर्सोव्यात रिक्षा स्टँडजवळच्या भिंतीवर कराटे क्लासचे नवे फलक लागतात. हवेत उडी घेऊन लाथ मारणारा मुलगा, खाली मोबाईल नंबर आणि जाड अक्षरात ‘एका वर्षात ब्लॅक बेल्ट’. फलक बघून मुले घरी हट्ट धरतात. आईबाप पोटाला चिमटा काढून फी भरतात.

आम्ही म्हणजे वर्सोव्याच्या वस्तीतले काही पालक आणि विहाराच्या सभागृहात मुलांचा सराव घेणारे आमच्यातलेच तीन तरुण. गेली काही वर्षे या विषयात आमचे हात पोळले आहेत आणि थोडे शहाणपणही आले आहे. म्हणून आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. कराटे चांगला आहे. मुलांना शिकवा, मुलींना तर शिकवाच. पण पट्ट्यासाठी पैसे मोजू नका. सरावासाठी मोजा.

एका घराचा हिशेब

आमच्या गल्लीतली एक मुलगी. तिची आई सात बंगल्याच्या बाजूला तीन घरची कामे करते. मुलीला एका क्लासला घातले. क्लासचे नाव देत नाही, कारण असे क्लास जागोजागी आहेत. महिन्याची फी ५०० रुपये. दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा, तिचे १,२०० रुपये वेगळे. मग ड्रेस, ग्लोव्हज, पायाचे पॅड, एका ‘नॅशनल’ स्पर्धेची प्रवेश फी आणि बसभाडे. दीड वर्षाने आईने वहीत बेरीज मारली तर आकडा २२,००० च्या आसपास गेला. मुलीच्या कमरेला ब्राऊन बेल्ट आला. गल्लीत पेढे वाटले.

नंतर ती शाळेकडून शालेय स्पर्धेला गेली. समोर पंच बसलेले. तिने काता सुरू केला आणि सहाव्या हालचालीला थांबली. पुढचे आठवेना. वाकून नमस्कार केला आणि बाहेर आली. घरी येऊन पट्टा ट्रंकेत टाकला आणि चार दिवस कुणाशी बोलली नाही.

“बेल्ट तर ब्राऊन आहे की,” तिची आई आम्हाला म्हणाली, “मग आठवत कसं नाही?”

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला कळले की दीड वर्षात तिला सहा काता दाखवले होते. बसवून एकही घेतला नव्हता. परीक्षेच्या आधी दोन आठवडे नवा काता, परीक्षा झाली की तो विसरायचा आणि पुढचा सुरू. यात मुलीचा दोष नव्हता. आईचाही नव्हता. आपण मागतो ते क्लासवाले देतात. आपण पट्टा मागितला, त्यांनी पट्टा दिला.

पट्टा आला कुठून?

कराटे वाढला तो जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावर. हे बेट पूर्वी र्‍युक्यू नावाचे वेगळे राज्य होते, १८७९ मध्ये जपानने ते आपल्यात सामील करून घेतले. तिथे कराटे घराच्या अंगणात, रात्रीच्या वेळी, दोन-चार शिष्यांना शिकवला जाई. अंको इतोसू या गुरूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो तिथल्या शाळांत आणला. मुलांची अंगे मजबूत व्हावीत हा त्यांचा एक मुख्य हेतू होता. लहान मुलांना झेपतील असे पाच काता त्यांनी बसवले. ते आजही जगभर शिकवले जातात.

त्यांचे एक शिष्य गिचिन फुनाकोशी. जन्म १८६८ चा. लहानपणी इतके अशक्त की घरच्यांना ते जगतील याची खात्री नव्हती. तब्येत सुधारावी म्हणून ते कराटेकडे वळले. पुढे शाळामास्तर झाले. दिवसा शिकवायचे आणि रात्री गुरूंच्या अंगणात सराव करायचे. एकच काता महिनोन् महिने करून घेतला जाई, आणि गुरूंचे समाधान झाल्याशिवाय पुढचा मिळत नसे. या माणसाने १९२२ मध्ये टोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक दाखवले आणि तिथून तो जपानभर पसरला. ते १९५७ मध्ये वारले, म्हणजे वय ८८. अशक्त म्हणून ज्याची काळजी करत होते, तो मुलगा एवढा जगला.

आणि पट्टा? तो ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांच्या पद्धतीतून उसना घेतला आहे. फुनाकोशींनी कराटेतले पहिले काळे पट्टे १९२४ मध्ये दिले. रंगीबेरंगी पट्टे त्याच्याही नंतरचे. म्हणजे ओकिनावातले जुने गुरू पट्ट्याशिवायच शिकले आणि पट्ट्याशिवायच शिकवत राहिले. पट्टा वाईट नाही. मुलाला पुढच्या पायरीची ओढ लागते, हे खरे. पण पायरी चढल्याची ती खूण आहे, पायरी नव्हे.

कराटेत असते काय?

शोतोकान, गोजू-र्‍यू, शितो-र्‍यू आणि वादो-र्‍यू या चार मोठ्या शैली. नावे वेगळी, पण पारंपरिक शिक्षणाचे खांब तीनच: किहोन, काता आणि कुमिते.

किहोन म्हणजे मुळाक्षरे. उभे राहायचे कसे, ठोसा, अडवणे, लाथ. एकच ठोसा शंभर वेळा. ठोसा मारणारा हात पुढे जातो तेव्हा दुसरी मूठ कमरेशी मागे येते. पुढे टाकलेल्या पायाचा गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेतच वाकतो, आत पडत नाही. अशा बारीक गोष्टी अंगात मुरवणे म्हणजे किहोन. कंटाळवाणे वाटते, आणि घाईतले क्लास नेमके हेच गाळतात.

काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची ओळ. समोर माणूस नसतो, पण आहे असे समजून वळायचे, अडवायचे, मारायचे. शोतोकानमधल्या हेइआन शोदान या सुरुवातीच्या कातात २१ हालचाली आहेत. हेइआन या शब्दात शांततेचा अर्थ आहे. पहिलीच हालचाल डावीकडे वळून खालून येणारा वार अडवण्याची. एक काता करायला मिनिटभरही लागत नाही, नीट यायला वर्ष लागते. प्रत्येक हालचाल कशासाठी आहे हे समजून घेणे हाही शिक्षणाचाच भाग. शिक्षकाला विचारा, “सर, हा हात असा का?” उत्तर आले नाही तर समजून जा.

कुमिते म्हणजे जोडीदाराबरोबर झुंज. आधी ठरवून, एक वार आणि एक बचाव. मग पुष्कळ दिवसांनी मोकळी. पहिल्याच महिन्यात लहान मुलांना एकमेकांवर सोडणारा क्लास असेल तर त्या दिवशीच मुलाला घरी आणा.

या संथ सरावाचा शरीराला फायदा काय? पाय आणि कंबर मजबूत होतात, तोल सुधारतो, श्वासावर ताबा येतो, लक्ष टिकते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी आणि मोठ्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या, मोबाईलवर वाकलेल्या आपल्या मुलांना ही ६० मिनिटे मिळतात कुठे? कातासाठी मैदान लागत नाही, बॅट लागत नाही, रॅकेट लागत नाही. कराटे या शब्दाचा अर्थच रिकामा हात. रिकाम्या हाताची ही विद्या रिकाम्या खिशालाही परवडली पाहिजे.

आणि अहिंसेचे काय?

विहारात सराव सुरू केला तेव्हा एका आजींनी विचारले, “पहिलं शील प्राणिहिंसा करू नये असं सांगतं, आणि तुम्ही विहारात मारामारी शिकवता?” प्रश्न रास्त होता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे समजावले आहे. नियम माणसाला बांधून टाकतो; तत्त्व विवेकाने वागायला मोकळे ठेवते. दुबळ्याने मार खात राहावे, असा त्याचा अर्थ नाही. बाबासाहेबांच्या चळवळीत समता सैनिक दल उभे राहिले तेही कवायत आणि शिस्त घेऊन, आपल्या माणसांच्या रक्षणासाठी.

पारंपरिक कराटेचीही शिकवण हीच आहे. पहिला वार आपला नसतो. हेइआनचे पाचही काता बचावाने सुरू होतात. म्हणून ज्या क्लासमधून मूल शाळेत दादागिरी करायला शिकून येते, तिथे कराटे शिकवला गेलेला नाही.

काही क्लासच्या फलकावर बोधिधर्मांनी ही विद्या भारतातून नेली असे लिहिलेले असते. ती फार नंतर जोडलेली आख्यायिका आहे असे अभ्यासक मानतात. आपल्याला तिची गरजही नाही. जे खरे आहे तेच पुरेसे आहे. सरावाच्या जागेला जपानीत ‘दोजो’ म्हणतात. हा शब्द आला आहे ‘बोधिमंड’ या आपल्या शब्दाच्या भाषांतरातून. बोधिमंड म्हणजे बोधिवृक्षाखालची ती जागा, जिथे सिद्धार्थ बुद्ध झाले. आणि ‘कारा’ म्हणजे रिकामे यासाठी जी लिपीखूण आज वापरतात, तीच चिनी-जपानी बौद्ध ग्रंथांत शून्यतेसाठी येते. सरावाच्या आधी आणि नंतर मुले डोळे मिटून शांत बसतात, श्वासाकडे बघतात. आनापान करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. आता त्या आजी रविवारी सतरंजी टाकायला आधी हजर असतात.

रक्त, खाणे आणि मुली

आमच्याकडे एकदा सराव चालू असताना एक मुलगी चक्कर येऊन बसली. सकाळपासून तिच्या पोटात फक्त चहा होता. तेव्हापासून आमचा पहिला प्रश्न ‘काय खाल्लंस?’ हा असतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरपैकी ५७ महिलांमध्ये रक्त कमी आढळले. १५ ते १९ वयाच्या मुलींत तर शंभरात ५९. अशा मुलीला दम लागतो, पाय लटपटतात, आणि आपण तिला आळशी म्हणतो. मुलीला क्लासला घालण्याआधी पालिकेच्या दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती खरेच गिळते का, ते बघा. गोळी जेवणानंतर घ्यावी आणि तिच्या मागेपुढे चहा टाळावा. सरावाच्या तास-दीड तास आधी भाकरी-भाजी, मूठभर चणे-शेंगदाणे आणि गूळ. नंतर उकडलेले अंडे किंवा वर्सोव्यात सहज मिळणारा जवळा, सुकट. महागडे प्रोटीनचे डबे लागत नाहीत.

मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की क्लास सुटतो, हा आमचा अनुभव. पाळी येते, गल्लीतले लोक बोलतात, धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते. पाळीत बरे वाटत असेल तर हलका सराव करायला हरकत नसते. दुखत असेल तर विश्रांती. मुलींच्या गटासोबत एक आई किंवा ताई बसलेली असावी, हा नियम करा. अंगाला हात लावून शिकवताना शिक्षकाने आधी विचारलेच पाहिजे. बंद दाराआड शिकवणी नको. शिक्षक कितीही मोठ्या नावाचा असो, यात सूट नाही.

जागा आणि दुखापत

आमच्या किनाऱ्यावर काही वर्षांपूर्वी प्लास्टिकचे ढीग होते. ऑक्टोबर २०१५ पासून अफरोज शाह यांनी रहिवाशांना सोबत घेऊन सफाई सुरू केली आणि वाळू पुन्हा दिसू लागली. त्या वाळूवर आता सकाळी मुले सराव करतात. ओल्या, घट्ट वाळूवर गुडघ्यांना सिमेंटइतका धक्का बसत नाही. पण आधी जागा नीट बघा. काच, जाळ्याची तार, गळ असतात. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर सराव नको. पावसात साचलेल्या पाण्यात अनवाणी पायाला जखम असली तर लेप्टोचा धोका असतो. मुलांची दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वाताची लस झाली आहे ना, तेही बघून ठेवा.

सिमेंटच्या लादीवर उड्या, मुठींवर जोर काढणे, बेडकासारखे उड्या मारत चालणे, कौल फोडणे, पोटावरून मोटारसायकल नेणे हे सगळे लहान मुलांकडून करून घेऊ नये. वाढत्या हाडांना आणि सांध्यांना ते घातक आहे आणि त्यात कराटे काही नाही. डोक्याला मार लागला, उलटी झाली, मूल गोंधळल्यासारखे वागू लागले तर ‘काही होत नाही, उठ’ म्हणू नका. सरळ रुग्णालयात न्या. पाय मुरगळला तर चोळू नका. विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ आणि पाय उंचावर. सूज दोन दिवसांत उतरली नाही किंवा पाय टेकताच येत नसेल तर डॉक्टर.

सर्टिफिकेटचे खरे मोल

पुष्कळ पालकांच्या मनात असते की कराटेच्या सर्टिफिकेटने दहावीला वाढीव गुण मिळतील, पुढे खेळाडू कोट्यातून नोकरी लागेल. सवलती आहेत, हे खरे. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. पण ते मान्यता असलेल्या स्पर्धांसाठी. हॉल भाड्याने घेऊन भरवलेल्या प्रत्येक ‘नॅशनल’ला आणि ‘इंटरनॅशनल’ला ते लागू होत नाही. आपल्या देशात कराटेच्या अनेक संघटना आहेत आणि खरी संघटना कोणती यावर त्यांच्यात वाद होत आले आहेत. म्हणून पैसे भरण्याआधी शाळेच्या क्रीडाशिक्षकांना विचारा, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात खात्री करा. शाळेमार्फत होणाऱ्या शालेय क्रीडा स्पर्धांत कराटे आहे. आधी तिथे जा.

ऑलिम्पिकचे स्वप्न दाखवणाऱ्यांनाही विचारा. २०२० च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये, जे २०२१ मध्ये झाले, कराटे होता. २०२४ ला पॅरिसमध्ये नव्हता आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या यादीतही नाही. पदकावरच सगळी मदार ठेवली तर उद्या हातात काय उरते? मजबूत पाय, सरळ पाठ आणि निर्भय नजर. ते कुठल्या समितीला काढून घेता येत नाही.

आपण काय करायचे

क्लास निवडताना एवढेच बघा. शिक्षक स्वतः अजून सराव करतात का? तेच मुळाक्षर पुन्हा पुन्हा करून घेतात का? परीक्षेला ‘अजून तयार नाही’ असे कधी कुणाला सांगतात का? दारात बसून बघू देतात का? आणि आठ महिन्यांनी घरी मुलाला सांगा, “एक काता करून दाखव.” तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत करता आला तर पैसे कारणी लागले.

जिथे क्लास परवडत नाही तिथे विहार आहे. आमच्याकडे आठवड्यातून तीन संध्याकाळ आणि रविवारी सकाळी सराव होतो. बाहेरून एक जाणते शिक्षक महिन्यातून दोनदा येऊन चुका सुधारतात; त्यांचे मानधन घरटी वर्गणीतून निघते. बाकीचे दिवस आमचे तरुण घेतात. ड्रेसची सक्ती नाही, टी-शर्ट आणि पँट चालते. पट्ट्याची परीक्षा वर्षातून एकदा, आणि तयार असेल त्याचीच. मागे चार-पाच आयाही उभ्या राहून हातपाय हलवतात. दिवसभर वाकून काम करणाऱ्या पाठीला तेवढेच बरे वाटते.

ती मुलगी पुन्हा येऊ लागली आहे. ट्रंकेतला पट्टा अजून काढलेला नाही, आणि आम्हीही विचारले नाही. आठ महिने तिने एकच काता केला. मागच्या रविवारी लहान मुलांपुढे तिने हेइआन शोदान करून दाखवला. एकवीसच्या एकवीस हालचाली, न थांबता. तिची आई कामावरून परतताना पिशवी हातात घेऊन विहाराच्या दारात उभी होती. झाल्यावर तिने विचारले, “आता पुढचा कधी?”

मुलगी म्हणाली, “अजून हा नीट बसू दे, आई.”

जय भीम.